रेणूचा शेजार

चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर पॅरा-अमिनोथायोफिनॉल नावाच्या साध्या रेणूंचा एकच थर बसवायचा, त्यावर लेझरचा प्रकाश टाकायचा आणि विखुरून परत येणाऱ्या प्रकाशाचा रामन वर्णपट घ्यायचा. हा प्रयोग जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे होत आला. रेणू स्वस्त, सहज मिळणारा आणि चांदीला घट्ट चिकटणारा असल्यामुळे नवे उपकरण तपासायलाही तोच वापरला जाई. त्याच्या वर्णपटात मात्र एक कोडे होते. नुसत्या भुकटीच्या वर्णपटात न दिसणाऱ्या काही ठळक रेषा चांदीवर बसलेल्या रेणूत दिसत. १९९४ साली जपानी संशोधक मासातोशी ओसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे एक स्पष्टीकरण मांडले. धातू आणि रेणू यांच्यात प्रकाशामुळे विद्युतभाराची देवाणघेवाण होते आणि एरवी झाकलेली कंपने त्यामुळे उठून दिसतात, असे ते स्पष्टीकरण होते. ते सर्वमान्य झाले आणि दीड दशक टिकले.

२०१० च्या सुमारास चीनमधील शियामेन विद्यापीठातील गटाने आणि इतर काही संशोधकांनी वेगळेच काही दाखवून दिले. त्या जादा रेषा मूळ रेणूच्या नव्हत्याच. लेझर आणि चांदी यांनी मिळून शेजारशेजारचे दोन रेणू जोडले होते, त्यातून अझो वर्गातले एक नवे संयुग तयार झाले होते आणि रेषा त्या संयुगाच्या होत्या. मोजण्यासाठी टाकलेला प्रकाशच मोजायची वस्तू बदलून टाकत होता.

हा शोध इथे थांबला असता तर तो वर्णपटाच्या वाचनातली एक दुरुस्ती ठरला असता. पण लगेच पुढचा प्रश्न आला. ही अभिक्रिया कधी जोरात होते, कधी जवळजवळ होतच नाही, असे का? शोध घेतल्यावर दिसले की नमुन्याभोवतीची हवा काढून तिथे नायट्रोजन किंवा अरगॉन भरला, तर अझो संयुग फारसे बनत नाही. भोवतालचे पाणी आम्लधर्मी केले तरीही अभिक्रिया मंदावते. चांदी तीच, लेझर तोच, रेणू तोच, आणि तरीही परिणाम निराळा. बदलला होता तो फक्त रेणूचा शेजार.

धातूच्या पृष्ठभागावर प्रकाशाने घडणाऱ्या रसायनाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा धातू आणि प्रकाश या दोघांचीच चर्चा करतो. कोणता धातू, किती बारीक कण, कोणत्या रंगाचा प्रकाश? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण गेल्या काही दशकांतल्या प्रयोगांचा एकत्र विचार केला की एक गोष्ट ठामपणे पुढे येते. प्रकाश ऊर्जा पुरवतो, धातू ती गोळा करतो, पण त्या ऊर्जेतून कोणता बंध तुटेल आणि कोणता नवा पदार्थ तयार होईल याचा निकाल फार मोठ्या प्रमाणात रेणूच्या भोवतालचे अणू-रेणू लावतात.

धातू प्रकाशाचे काय करतो

१८५७ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षारापासून माणकासारखा लाल द्रव तयार केला आणि त्यात सोने अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत आहे, हे ओळखले. त्या काळच्या त्यांच्या काही बाटल्या आजही तिथे जपून ठेवलेल्या आहेत. सोन्याचा तुकडा पिवळा आणि सोन्याचे सूक्ष्म कण लाल, हे कसे? याचे गणिती उत्तर १९०८ मध्ये जर्मन पदार्थवैज्ञानिक गुस्ताव्ह मी यांनी दिले. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या विद्युतक्षेत्राबरोबर सगळे मिळून पुढेमागे हलतात. कण काही दशक नॅनोमीटरचा असेल तर एका ठरावीक रंगाला हे हलणे फार जोरकस होते. या सामूहिक दोलनाला प्लाझ्मॉन म्हणतात. पाण्यातल्या सोन्याच्या छोट्या गोल कणांसाठी तो रंग सुमारे ५२० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा असतो. हिरवा शोषला गेला की उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो.

या दोलनामुळे कणाच्या अगदी जवळच्या काही नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाशाचे विद्युतक्षेत्र प्रचंड वाढते. दोन कण जवळ आले तर त्यांच्यामधल्या फटीत ते सर्वांत तीव्र होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेला परिणाम मुळात फार क्षीण असतो, कारण लाखो प्रकाशकणांमागे एखादाच रेणूला ऊर्जा देऊन किंवा घेऊन परततो. पण १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेन्ड्रा आणि जेम्स मॅक्विलन यांना खडबडीत चांदीवरच्या पिरिडिनचा रामन संकेत अनपेक्षितपणे जोरदार मिळाला. तिथून एका थरातले मोजके रेणूही वर्णपटातून पाहण्याची वाट खुली झाली. या लेखात येणारे बरेचसे ज्ञान त्याच वाटेने आलेले आहे.

प्लाझ्मॉनचे आयुष्य मात्र अत्यल्प असते, सुमारे दहा फेम्टोसेकंद. सेकंदाचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करायचे, म्हणजे एक फेम्टोसेकंद मिळतो. प्लाझ्मॉन विझताना त्याची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनांना मिळते. ते इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेवर जातात आणि त्यांच्या मूळ जागा रिकाम्या राहतात. या चढलेल्या इलेक्ट्रॉनांना तप्त इलेक्ट्रॉन म्हणतात, आणि मागे राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, हीदेखील रसायनात तितकीच कामाची असते. काही शे फेम्टोसेकंदांत ही ऊर्जा सगळ्या इलेक्ट्रॉनांत वाटली जाते आणि काही पिकोसेकंदांत, म्हणजे काही हजार फेम्टोसेकंदांत, ती धातूच्या अणूंच्या कंपनात उतरते. मग ती साधी उष्णता होते.

आता ऊर्जेचा हिशोब पाहू. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरचा एक प्रकाशकण सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. सोन्यातून इलेक्ट्रॉन पूर्णपणे बाहेर काढायला पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे हिरव्या प्रकाशाने चढलेला इलेक्ट्रॉन सोन्यातून निसटू शकत नाही. मात्र पृष्ठभागावर बसलेल्या रेणूत एखादी रिकामी पातळी पुरेशी खाली असेल, तर तो त्या पातळीवर उडी मारू शकतो. ती पातळी किती खाली असेल, हे रेणूच्या शेजारावर ठरते.

काही फेम्टोसेकंदांची मुदत

मोकळ्या हवेत तरंगणाऱ्या रेणूने प्रकाश शोषला तर ती ऊर्जा त्याच्याकडे अनेकदा नॅनोसेकंदांपर्यंत टिकते. बंध ताणायला आणि तोडायला त्याला भरपूर वेळ मिळतो. धातूवर बसलेल्या रेणूला ही सवलत नसते. धातूतल्या असंख्य इलेक्ट्रॉनांशी त्याचा संबंध असल्यामुळे ऊर्जा काही फेम्टोसेकंदांत, फार तर काही दशक फेम्टोसेकंदांत परत धातूत निघून जाते.

एवढ्या कमी वेळात रसायन कसे घडते? १९६४ मध्ये डिट्रिश मेन्झेल आणि रॉबर्ट गोमर यांनी एकत्र, तर पॉल रेडहेड यांनी स्वतंत्रपणे याचे चित्र मांडले. रेणूवर इलेक्ट्रॉन आला किंवा रेणू उत्तेजित झाला की त्याच्या अणूंवरचे बल एकदम बदलते आणि ते नव्या दिशेने सरकू लागतात. थोड्याच वेळात उत्तेजन संपते आणि रेणू मूळ स्थितीत परततो. पण तोवर अणूंनी पुरेसा वेग पकडला असेल, तर बंध तुटतो. वेग कमी पडला तर काहीच घडत नाही आणि सारी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हलका अणू लवकर वेग पकडतो, जड अणू मागे राहतो.

या चित्रातला खरा कळीचा मुद्दा मुदतीचा आहे. पुरेसा वेग मिळण्याची शक्यता उत्तेजनाच्या आयुष्यावर फार तीव्रपणे अवलंबून असते. आयुष्य पाचऐवजी दहा फेम्टोसेकंद झाले, तर उत्पन्न दुप्पट होऊन थांबत नाही, ते अनेक पटींनी वाढू शकते. त्यामुळे शेजारी रेणूंनी उत्तेजनाची मुदत किंचित वाढवली, पातळी किंचित खाली ओढली किंवा तुटणारा बंध किंचित सैल केला, तरी अंतिम परिणामात मोठा फरक पडतो. शेजाराचा प्रभाव इतका मोठा का, याचे मूळ इथे आहे.

इलेक्ट्रॉनांची ही घाई रसायनाची दिशा कशी बदलते, हे दाखवणारा एक नितळ प्रयोग १९९९ मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतून प्रसिद्ध झाला. मिशा बॉन, मार्टिन वोल्फ आणि गेरहार्ड एर्टल यांच्या गटाने रुथेनियमच्या स्फटिकावर ऑक्सिजनचे अणू आणि कार्बन मोनॉक्साइडचे रेणू शेजारीशेजारी बसवले. एर्टल यांना पुढे २००७ मध्ये पृष्ठभागावरच्या रसायनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हा पृष्ठभाग साध्या रीतीने तापवला तर कार्बन मोनॉक्साइड उडून जातो. ऑक्सिजन रुथेनियमला इतका घट्ट धरून असतो की तो हलण्याआधीच त्याचा शेजारी निघून गेलेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइड बनतच नाही. पण त्याच पृष्ठभागावर सुमारे शंभर फेम्टोसेकंदांचा लेझर स्पंद टाकल्यावर कार्बन डायऑक्साइड बाहेर आला. स्पंदानंतर क्षणभर इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंशांवर जाते, तर अणूंची चौकट अजून थंड असते. तेवढ्या अवधीत तप्त इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचा बंध सैल करतात आणि शेजारी कार्बन मोनॉक्साइड अजून जागेवर असतानाच दोघांची गाठ पडते. ऑक्सिजनला जाग आली त्या क्षणी शेजारी हजर होता, एवढ्या एका कारणाने इथे नवा पदार्थ मिळाला.

धातूपासूनचे अंतर

रेणूचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे खालचा धातू, आणि तो दोन परस्परविरुद्ध कामे करतो. पहिले काम मदतीचे. रेणूवर इलेक्ट्रॉन येऊन तो ऋणभारित झाला की धातूतले इलेक्ट्रॉन मागे सरतात आणि पृष्ठभागाखाली जणू धनभाराची प्रतिमा उभी राहते. या आकर्षणामुळे ऋण रेणूची ऊर्जा खाली येते. साध्या विद्युतस्थितिकीच्या हिशोबाने ०.३ नॅनोमीटर अंतरावर ही घट सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर १ नॅनोमीटर अंतरावर जेमतेम ०.३६. दृश्य प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना हा फरक मामुली नाही. जवळ बसलेल्या रेणूची पातळी तप्त इलेक्ट्रॉनांच्या आवाक्यात येते, तर थोड्या दूरच्या रेणूची येत नाही.

दुसरे काम अडथळ्याचे. रेणू जितका जवळ, तितकी त्याची ऊर्जा धातू लवकर काढून घेतो. दूर गेले तर मुदत वाढते, पण इलेक्ट्रॉन पोहोचणे अवघड होते आणि प्लाझ्मॉनचे वाढलेले क्षेत्रही विरते. या दोहोंच्या ताळमेळातून प्रत्येक रेणूसाठी सोयीचे अंतर ठरते. रेणू धातूला कोणत्या अणूने धरतो, उभा राहतो की आडवा पडतो, त्याच्या आणि धातूच्या मध्ये दुसऱ्या रेणूचा थर आहे का, या साऱ्या गोष्टी त्यामुळे निर्णायक होतात.

२०१८ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतील एमिको काझुमा, यूसू किम आणि सहकाऱ्यांनी हे एकेका रेणूच्या पातळीवर पाहिले. चांदी आणि तांबे यांच्या सपाट पृष्ठभागांवर त्यांनी डायमिथाइल डायसल्फाइडचे रेणू विरळ पसरवले, सूक्ष्मदर्शकाची धातूची टोकदार सुई वर आणली आणि सुई व पृष्ठभाग यांच्यामधल्या फटीत प्रकाशाने प्लाझ्मॉन जागवला. रेणूतला गंधक-गंधक बंध तुटताना त्यांनी त्याच क्षणी नोंदवला. त्यांचा निष्कर्ष असा की या रेणूत ऊर्जा तप्त इलेक्ट्रॉनांच्या वळणाने न जाता थेट बंधाच्या पातळीत जाते. कारण ती पातळी गंधकाच्या बंधापाशीच एकवटलेली असते आणि धातूच्या पातळ्यांत फारशी मिसळत नाही. रेणू धातूवर बसलेला असूनही त्याचा महत्त्वाचा भाग धातूपासून काहीसा अलिप्त राहतो. सगळ्या रेणूंना एकच यंत्रणा लागू करता येत नाही, ती रेणू-धातू नात्यानुसार बदलते, हा या प्रयोगाचा मोठा धडा आहे.

शेजारचे रेणू

पृष्ठभागावर रेणूंची गर्दी वाढली की प्रत्येकाची स्थिती बदलते. आडवे पडलेले रेणू जागेअभावी उभे राहतात. एकमेकांना ढकलणाऱ्या रेणूंची धातूवरची पकड ढिली होते. एका दिशेने उभ्या असलेल्या ध्रुवीय रेणूंचा थर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची किंमतच बदलतो. कॅनडातील जॉन पोलानी यांनी रेणूंच्या रचनेच्या या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांना १९८६ मध्ये रासायनिक गतिकीसाठी नोबेल मिळाले होते. वायूमध्ये रेणू कोणत्याही दिशेने एकमेकांवर आदळतात, पण स्फटिकावर ते ठरावीक दिशेने मांडलेले असतात. प्रकाशाने एक रेणू तुटला की त्याचा तुकडा कोणत्या शेजाऱ्यावर आणि कोणत्या कोनातून जाईल हे आधीच बरेचसे ठरलेले असते.

सुरुवातीच्या अझो संयुगाचेही तसेच आहे. ते बनायला दोन रेणूंचे नायट्रोजन असलेले शेंडे पुरेसे जवळ आणि योग्य रोखाने यायला हवेत. एकट्या रेणूला कितीही प्रकाश मिळाला तरी जोडीदाराविना हे संयुग बनू शकत नाही. उलट कधी शेजारी रेणू पिंजऱ्यासारखे वागतात. बंध तुटला तरी तुकड्यांना दूर जायला वाट नसते, ते परत एकत्र येतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते.

शेजारी रेणू ऋणभार सांभाळून घेण्याचे कामही करतात. पाणी किंवा अमोनिया यांसारखे ध्रुवीय रेणू आपले धनभारी टोक ऋण आयनाकडे वळवतात आणि त्याची ऊर्जा खाली आणतात. पाण्यात क्लोराइड आयनाला या सोबतीमुळे मिळणारे स्थैर्य तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त असते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात चिंग-बिन लू आणि थिओडोर मेडी यांनी १९९९ मध्ये रुथेनियमवर फ्रिऑन वर्गातला एक रेणू पाणी किंवा अमोनियाच्या बर्फासोबत बसवला आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. बर्फ सोबत असताना बाहेर पडणारे ऋण आयन अनेक पटींनी वाढले. या प्रयोगात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला होता. पण धीम्या इलेक्ट्रॉनाने रेणूला चिकटून त्याचा बंध तोडण्याची क्रिया प्रकाशाने चढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीतही तीच असते. म्हणून बर्फाच्या एका पातळ थराचा हा प्रभाव प्रकाशरसायनालाही बरेच सांगून जातो.

हवा, आम्ल आणि क्षार

आता धातूवरच्या थराच्या बाहेर पाहू. इलेक्ट्रॉन रेणूवर गेला की धातूत होल उरते. दोन्हींचा निकाल लागल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. होल तशीच राहिली तर इलेक्ट्रॉन परत येऊन ती भरतो आणि अभिक्रिया फसते. म्हणून इलेक्ट्रॉन कोण घेणार आणि होल कोण भरणार, हा प्रश्न भोवतालच्या रसायनाचा असतो. पॅरा-अमिनोथायोफिनॉलच्या बाबतीत हवेतला ऑक्सिजन तप्त इलेक्ट्रॉन घेऊन सक्रिय होतो आणि मग रेणूचे ऑक्सिडीकरण होते. हवा काढली की इलेक्ट्रॉन घेणाराच उरत नाही. आम्लात अमिनो गटाला प्रोटॉन चिकटतो आणि जोडीसाठी लागणारी नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी अडकून पडते.

याच कुटुंबातला पॅरा-नायट्रोथायोफिनॉल हा रेणू तर आणखी बोलका आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये तो सोन्यावर बसवला. हिरव्या लेझरने अभिक्रिया घडवायची आणि लाल लेझरने नुसती पाहायची, अशी त्यांची युक्ती होती. अझो संयुग बनताना त्यांनी टोकदार सुईच्या साहाय्याने नॅनोमीटरच्या पातळीवर पाहिले. म्हणजे मोजणारा प्रकाश आणि घडवणारा प्रकाश वेगळे ठेवता येतात, हे सिद्ध झाले. त्यानंतर २०१५ मध्ये जर्मनीतील वेई शिए आणि सेबास्टियन श्ल्युकर यांनी चांदीवर तोच रेणू घेतला, पण भोवती आम्ल आणि क्लोराइड किंवा ब्रोमाइडसारखे हॅलाइड आयन ठेवले. आता रेणू अझोवर न थांबता पुढे जाऊन अमिनो संयुग झाला, आणि तेही कोणताही वेगळा क्षपणकारक पदार्थ न घालता. हायड्रोजन आम्लाच्या प्रोटॉनांतून आला आणि इलेक्ट्रॉन चांदीतून. चांदीवर बनणारे हॅलाइड प्रकाशाने पुन्हा फुटत राहिले आणि चांदी नव्याने कामाला लागत राहिली. द्रवात विरघळलेल्या एका साध्या क्षाराने अभिक्रियेचे अंतिम ठिकाण बदलले होते.

कार्बन डायऑक्साइडचे उदाहरण याहून महत्त्वाकांक्षी आहे. हा रेणू इतका स्थिर आहे की त्यावर पहिला इलेक्ट्रॉन चढवणेच फार महाग पडते. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील सुंगजू यू आणि प्रशांत जैन यांनी सोन्याच्या नॅनोकणांभोवतीच्या पाण्यात एक आयनिक द्रव मिसळला आणि हिरव्या प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनपासून प्रोपेनपर्यंतची हायड्रोकार्बने मिळवली. आयनिक द्रवातले घटक ऋणभारित मध्यवर्ती अवस्थेला आधार देतात, आणि म्हणून एकेक कार्बन जोडून लांब साखळी बनवण्याइतका वेळ मिळतो. सोने आणि प्रकाश दोन्ही आधीपासून उपलब्ध होते, तीन कार्बनांची साखळी मात्र भोवतालच्या द्रवामुळे शक्य झाली.

धातूवर चिकटलेले सेंद्रिय रेणू खुद्द धातूचा आकारही ठरवतात. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षारापासून सपाट त्रिकोणी नॅनोकण बनवले. हे त्रिकोण गोल कणांप्रमाणे फक्त हिरवा प्रकाश न शोषता नजरेपलीकडचा अवरक्त प्रकाशही शोषतात. अर्कातले रेणू वाढत्या कणाभोवती राहून त्याला हा आकार देतात. २०१६ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठातील वेई डेव्हिड वेई यांच्या गटाने याला प्रकाशाची बाजू जोडली. प्रकाशाच्या साहाय्याने सोन्याचे त्रिकोणी कण वाढवताना पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हा पॉलिमर कणांच्या कडांवर बसतो, तिथे तप्त इलेक्ट्रॉनांना काही काळ थोपवून धरतो आणि त्यामुळे सोने कडांवर वाढत जाते, असे त्यांनी दाखवले. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेला पदार्थ प्रत्यक्षात अभिक्रियेत भाग घेत होता.

उष्णता की प्रकाश?

या क्षेत्रात एक वाद अजून तापलेला आहे, आणि तोही भोवतालाशीच जोडलेला आहे. धातूने शोषलेला प्रकाश शेवटी उष्णता होतो, मग अभिक्रिया तप्त इलेक्ट्रॉनांनी घडवली की नुसत्या गरमीने? २०१८ मध्ये राइस विद्यापीठातील नाओमी हॅलस आणि सहकाऱ्यांनी तांबे-रुथेनियमच्या कणांवर प्रकाशाने अमोनियाचे विघटन दाखवले आणि प्रकाशात अभिक्रियेचा ऊर्जा-अडथळा कमी होतो असे मांडले. इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील योनातन सिव्हान, योनातन दुबी आणि सहकाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की कणांचे खरे तापमान मोजलेल्या तापमानापेक्षा जास्त असेल, तर तोच निकाल निव्वळ उष्णतेनेही मिळू शकतो. हॅलस यांच्या गटाने त्याला उत्तर दिले आणि चर्चा पुढे सुरू राहिली.

तापमानातली छोटी चूक किती महाग पडते ते एका हिशोबातून कळते. एखाद्या अभिक्रियेचा अडथळा १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल आणि ती ५०० केल्विनला चालत असेल, तर तापमान फक्त २० अंशांनी वाढल्यावर तिचा वेग जवळजवळ अडीचपट होतो. म्हणजे २० अंशांची चूक झाली, तर दीडशे टक्के वाढ प्रकाशाच्या नावावर जमा होईल. कण किती तापेल, हे त्याच्याभोवती काय आहे यावर अवलंबून असते. पाणी उष्णता झपाट्याने वाहून नेते, वायू हळू नेतो. एकटा कण लगेच निवतो, पण दाटीने ठेवलेले कण एकमेकांना तापवतात. त्यामुळे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार वेग कसा बदलतो, रंग बदलल्यावर काय होते, अंधारात त्याच तापमानाला काय मिळते, आणि हलका समस्थानिक वापरल्यावर फरक पडतो का, या साऱ्या कसोट्या एकत्र लावल्याशिवाय निकाल देणे योग्य नाही.

हा अभ्यास कशासाठी

खते, प्लास्टिक आणि औषधे बनवणारा रसायन उद्योग आज प्रचंड उष्णता आणि दाब वापरतो. उष्णता सगळ्या बंधांना सारखीच हलवते. तिला निवड करता येत नाही, म्हणून नको असलेले पदार्थही बनतात. प्रकाश ठरावीक बंधापर्यंत ऊर्जा पोहोचवू शकला तर कमी तापमानात हवा तोच पदार्थ मिळू शकेल. मिशिगन विद्यापीठातील सुलजो लिनिक यांच्या गटाने २०११ मध्ये चांदीवर, सूर्यप्रकाशाच्या आसपासच्या तीव्रतेचा दृश्य प्रकाश वापरून, एथिलीनपासून एथिलीन ऑक्साइड बनवण्याची क्रिया नेहमीपेक्षा कमी तापमानात तेवढ्याच वेगाने चालवून दाखवली. हा पदार्थ जगभर कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनतो, त्यामुळे या प्रयोगाने साहजिकच आशा निर्माण केल्या.

पण प्रयोगशाळेतल्या यशापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता फक्त अधिक चांगला धातू शोधून सरणार नाही. सोन्याच्या कणाचा आकार सुधारून आपण प्रकाश जास्त पकडू शकतो, पण पकडलेली ऊर्जा दहा-वीस फेम्टोसेकंदांत कुठे जाईल हे ठरवायचे तर कणावर काय चिकटलेले आहे, रेणू किती दाटीने आणि कोणत्या रोखाने बसले आहेत, द्रवात कोणते आयन आहेत, ऑक्सिजन आहे की नाही, होल कोण भरणार, हे सारे आखावे लागेल. आतापर्यंत अनेक प्रयोगांत या गोष्टी पार्श्वभूमी म्हणून सोडून दिल्या गेल्या. कण स्थिर राहावेत म्हणून घातलेला पॉलिमर, विद्राव्यातून आलेला क्लोराइड, बंद न केलेल्या भांड्यातली हवा यांची नोंदही कधी कधी सविस्तर होत नव्हती. पॅरा-अमिनोथायोफिनॉलच्या दीड दशकाने दाखवले की अशा बारकाव्यांकडे दुर्लक्ष केले तर आपण काय पाहतो आहोत हेही समजत नाही.

महाराष्ट्रात आणि देशभरात जी तरुण मुले-मुली रसायनशास्त्र शिकत आहेत, त्यांच्यासाठी या विषयात मोठे काम शिल्लक आहे. फेम्टोसेकंदांचे लेझर सगळीकडे नसतील, पण रामन वर्णपटमापक आता अनेक विद्यापीठांत आहेत. चांदीवर साधा रेणू बसवून, भोवतालचा एकेक घटक काढून आणि घालून, अंधारातले आणि उजेडातले निकाल शेजारी ठेवून शिस्तीने केलेल्या प्रयोगाला आजही मोल आहे. कारण या क्षेत्राला आता आणखी तेजस्वी प्रकाशापेक्षा, रेणूभोवती नेमके काय आहे याच्या काटेकोर नोंदींची जास्त गरज आहे.